न्यूयॉर्कचें अंदाजपत्रक आणि एक बंबखाना

नगरपालिकेचें अंदाजपत्रक हा वाचनाचा विषय आहे असें सहसा कोणी मानीत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकांनाहि तह, लढाया आणि सनदा यांचें जितकें आकर्षण वाटतें तितकें जमाखर्चाच्या आंकड्यांचें वाटत नाहीं. आणि आम्हीहि बरींच वर्षें याच वर्गांत मोडत होतों. परंतु एखाद्या शहरानें आपल्या रहिवाश्यांशीं केलेला खरा करार पाहावयाचा असेल, तर तो त्याच्या सनदेंत न शोधतां अंदाजपत्रकांत शोधावा लागतो. दिवाबत्ती कोणत्या रस्त्यापर्यंत जाते, दवाखाना कोणत्या वस्तींत उघडतो, शिक्षक कोणाच्या मुलांस मिळतो, हें सर्व तेथें रुपया-पैशांत लिहिलेलें असतें. खर्चाला कात्री लागते त्या वर्षीं तर तें अधिकच स्पष्ट वाचतां येतें. चांगल्या वर्षांत सर्वांच्याच पदरांत कांहीं ना कांहीं पडतें, त्यामुळें शहराला कोण जवळचा आणि कोण दूरचा याचा उलगडा होत नाहीं. वाईट वर्षांत तो होतो.

या लेखापुरतें आम्हीं घेतलेलें वाईट वर्ष १९७५ हें असून शहर न्यूयॉर्क हें आहे. त्या वर्षीं जगांतील सर्वांत श्रीमंत राष्ट्राचें सर्वांत मोठें शहर दिवाळ्याच्या उंबरठ्यावर जाऊन उभें राहिलें. तें तेथून मागें कसें फिरलें, याच्या हकीकती पेढीवाल्यांनीं, मुत्सद्द्यांनीं व पत्रकारांनीं भरपूर लिहून ठेविल्या आहेत. त्या हकीकतींत सामान्य रहिवासी आलाच तर तो खर्चाचा एक आंकडा म्हणून येतो, नाहीं तर निदर्शनें करणारा जमाव म्हणून. वस्तुस्थिति अशी कीं, ज्या काटछाटी ठरल्या होत्या त्यांपैकीं कांहीं या जमावानें परतवून लावल्या, आणि कांहीं त्याला परतवतां आल्या नाहींत. कोणत्या परतल्या व कोणत्या नाहीं, हें नीट पाहिलें म्हणजे त्यांत एक संगति दिसूं लागते. ती आमच्या ध्यानांत जशी आली तशी येथें मांडण्याचा विचार आहे.

संकट ओढवलें कसें, याविषयीं दोन पक्ष आहेत आणि दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. एक पक्ष म्हणतो, शहर उधळें होतें. मोफत विद्यापीठ, स्वतःचीं मोठालीं रुग्णालयें, स्वस्त भुयारी रेल्वे, नोकरांना भरघोस निवृत्तिवेतन, असा संसार त्यानें थाटला होता. आणि जमा कमी पडूं लागली तेव्हां खर्च आवरण्याऐवजीं त्यानें हिशेबांत लबाडी केली. इमारती व पूल यांसारख्या कामांकरितां काढलेल्या कर्जांतून चालू वर्षाचे पगार भागविणें, पुढें येणार म्हणून मानलेल्या उत्पन्नावर आज कर्ज उचलणें, आणि तें उत्पन्न आलें नाहीं म्हणजे नवें कर्ज काढून जुनें फेडणें, हा क्रम वर्षानुवर्षें चालला होता. १९७५ सालीं शहराच्या डोक्यावर सुमारें १४ अब्ज डॉलरचें कर्ज होतें, आणि त्यांतील जवळजवळ ६ अब्ज अल्प मुदतीचें, म्हणजे वरचेवर फिरवावें लागणारें होतें. मौज अशी कीं, त्या वेळचे महापौर एब्राहम बीम हे मूळचे हिशेबनीस असून महापौर होण्यापूर्वीं शहराचे हिशेब-नियंत्रक होते.

दुसरा पक्ष म्हणतो, उधळेपणा खरा, पण जमेची बाजू आटली कां तें पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर केंद्र सरकारच्या पैशानें बांधलेले हमरस्ते आणि सरकारी हमीचीं गृहकर्जें यांच्या आधारानें गोरा मध्यमवर्ग उपनगरांत निघून गेला. १९५० सालीं शहरांत कारखान्यांतील नोकऱ्या सुमारें दहा लाख होत्या, त्या पंचवीस वर्षांत निम्म्यावर आल्या. जे मागें राहिले आणि जे नव्यानें आले, म्हणजे दक्षिणेकडील राज्यांतून आलेले कृष्णवर्णीय आणि पोर्टो रिकोहून आलेलीं कुटुंबें, त्यांना शाळेची व दवाखान्याची गरज अधिक आणि कर देण्याची ऐपत कमी. त्यांतच गरिबांच्या साहाय्याच्या खर्चाचा सुमारें चौथा हिस्सा न्यूयॉर्क राज्यानें शहराच्या गळ्यांत बांधला होता. आम्हांला दुसऱ्या पक्षाचें म्हणणें अधिक पटतें. पण पहिल्याचें खोटें आहे असें मात्र कोणीं म्हणूं नये.

१९७५ च्या वसंतांत पेढ्यांनीं शहराचे रोखे घेण्याचें बंद केलें. या पेढ्यांविषयीं एक गोष्ट सांगावयास हवी. अमेरिकेच्या रोखे-व्यवहार आयोगाचा अहवाल १९७७ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत शहराच्या अधिकाऱ्यांबरोबर मोठ्या पेढ्यांवरहि असा ठपका ठेवलेला आहे कीं, शहराची खरी स्थिति ठाऊक असतां त्यांनीं सामान्य गुंतवणूकदारांस ती कळूं दिली नाहीं. तेव्हां लबाडीचें श्रेय एकट्या शहरास देणें अन्यायाचें होईल. असो.

शहराचें आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतें. त्या वर्षीं त्याच दिवशीं कात्री चालली. सुमारें पांच हजार पोलिसांस घरीं पाठविण्यांत आलें. त्यांतील अनेकांनीं ब्रुकलिनचा प्रसिद्ध पूल अडविला. सफाई कामगारांनीं काम थांबविलें आणि भर उन्हाळ्यांत पदपथांवर कचऱ्याचे ढीग कुजूं लागले. त्यापूर्वींच जून महिन्यांत पोलीस, बंबवाले इत्यादिकांच्या संघांनीं मिळून एक चोपडी छापली होती. तिच्या मुखपृष्ठावर कवटीचें चित्र होतें, आणि शहरांत येणाऱ्या प्रवाशांना असा उपदेश होता कीं संध्याकाळीं सहानंतर रस्त्यावर फिरूं नका, भुयारी रेल्वेनें जाऊं नका. सप्टेंबरांत त्या रेल्वेचें भाडें ३५ सेंटांवरून ५० सेंटांवर गेलें.

विरोधाचें हें पहिलें रूप विचार करण्यासारखें आहे. त्यांत राग होता, धैर्यहि होतें. पण प्रत्येकाचा राग आपापल्या खात्यापुरता होता. खर्चाचा एकूण आंकडा एकदां वर ठरून आला म्हणजे खालीं जी भांडणें होतात तीं एकाच भाकरीच्या तुकड्यांसाठीं होतात. पोलीस परत घ्यावयाचे तर शाळांतून शिक्षक कमी करावयाचे. शिक्षक राखावयाचे तर ग्रंथालयाचे तास कमी करावयाचे. प्रत्येक संघ आपलें खातें वाचवूं पाहतो आणि कात्री शेजाऱ्याकडे सरकवितो. ती कवटीची चोपडी तर याहूनहि एक पाऊल पुढें गेली. ज्या नागरिकांच्या मदतीवांचून पोलिसांची नोकरी टिकणें अशक्य होतें, त्या नागरिकांचेंच भय तिनें जगाला घातलें. संघटना होती, पण तिचा पाया धंद्यावर होता. एका गल्लींत राहणाऱ्या पोलिसाला, शिक्षिकेला व दुकानदाराला एकत्र बसविण्याची शक्ति त्या पायांत नव्हती.

या सुमारास आणखी एक फेरफार झाला, आणि त्याचें महत्त्व त्या वेळीं फार थोड्यांच्या ध्यानांत आलें असावें. जूनमध्यें शहराकरितां कर्ज उभारण्यासाठीं राज्यानें एक महामंडळ स्थापिलें होतें. फेलिक्स रोहाटिन या पेढीवाल्याचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. पण तेवढ्यानें भागलें नाहीं. सप्टेंबरांत राज्यानें आर्थिक नियंत्रण मंडळ नेमलें. त्याचे सभासद सात. राज्यपाल ह्यू केरी, महापौर, राज्याचा व शहराचा हिशेब-नियंत्रक हे चार अधिकारी. आणि उरलेले तीन राज्यपालांनीं नेमलेले खासगी गृहस्थ, एक टेलिफोन कंपनीचा, एक विमान कंपनीचा आणि एक कारखानदारी कंपनीचा प्रमुख. यापुढें शहराची आर्थिक योजना या सातांच्या संमतीवांचून चालावयाची नव्हती. महापौर आणि नगरमंडळ जागच्या जागीं राहिले, सभा भरत राहिल्या, सुनावण्या होत राहिल्या. परंतु सुनावणी घेणारा आणि निर्णय देणारा हे आतां एक राहिले नाहींत. ज्याच्याकडे गाऱ्हाणें न्यावें तो म्हणे, माझ्या हातीं कांहीं नाहीं. आणि ज्याच्या हातीं होतें त्याच्या दारांत जाण्याची वाट सामान्य माणसास ठाऊक नव्हती.

येथें लंडनच्या पॉप्लर या गरीब भागाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. १९२१ सालीं तेथील नगरमंडळानें, बेकारांच्या साहाय्याचा बोजा गरीब भागानें एकट्यानें सोसावा हें अमान्य करून, संबंध लंडनकरितां वसूल करावयाची पट्टी देण्याचें नाकारलें. जॉर्ज लॅन्सबरी आणि त्यांचे सहकारी असे तीस सभासद तुरुंगांत गेले, सुमारें सहा आठवडे राहिले, आणि त्यांच्या हट्टामुळें श्रीमंत व गरीब भागांत तो बोजा वांटून देणारा कायदा झाला. तेथें लोक आणि त्यांचे निवडलेले प्रतिनिधि एका बाजूस होते. न्यूयॉर्कमध्यें प्रतिनिधींनाच पालक नेमला गेल्यामुळें लोकांना ही सोय राहिली नाहीं. त्यांना जें करावयाचें तें त्यांच्यावांचूनच करावें लागलें.

ऑक्टोबरांतील नाट्य आम्ही थोडक्यांत आटोपतों, कारण तें सर्वत्र सांगितलेलें आहे. १७ ऑक्टोबरला देणें चुकविण्याची वेळ अगदीं कांहीं तासांवर आली असतां शिक्षक-संघानें आपल्या निवृत्तिवेतनाच्या निधींतून १५ कोटी डॉलरचे रोखे घेऊन ती टाळली. २९ तारखेस राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनीं शहरास केंद्राची मदत नाकारणारें भाषण केलें. दुसऱ्या दिवशींच्या एका वृत्तपत्रानें त्याचा मथळा ‘मरा तिकडे’ अशा अर्थाचा दिला. फोर्ड यांनीं ते शब्द उच्चारले नव्हते, पण ते त्यांना जन्मभर चिकटले. वर्षअखेर त्यांनीं मत बदलून दर वर्षीं २.३ अब्ज डॉलरपर्यंत हंगामी कर्ज देण्याच्या कायद्यावर सही केली. शहर वांचलें. आतां त्या वांचविण्याची किंमत कोणीं, कोठें दिली तें पाहूं.

ब्रुकलिनमध्यें विल्यम्सबर्ग म्हणून भाग आहे व त्याच्या उत्तरेकडील कोपऱ्यास नॉर्थसाइड म्हणतात. नदीकांठची कारखान्यांची व गोदामांची ही जागा. मधून मधून जुनीं लांकडी घरें, भिंतीस भिंत लागलेलीं. वस्ती बहुतेक पोलिश व इटालियन कामकऱ्यांची, शेजारीं पोर्टो रिकोचे लोक. वाइथ रस्त्यावर या भागाचा बंबखाना होता. त्यांतील बंबाचा क्रमांक २१२. नोव्हेंबर १९७५ मध्यें तो बंद करण्याचा हुकूम आला.

हुकुमामागें शास्त्र होतें. १९६९ पासून शहरानें रँड या संस्थेच्या गणितज्ञांकडून आपल्या खात्यांचा अभ्यास करवून घेतला होता. ही संस्था मूळची हवाई दलासाठीं असलीं गणितें करणारी. बंब कोठें ठेवावे व कोठून काढावे याचीं कोष्टकें त्यांनीं केलीं होतीं. बंब आगीजवळ पोंचण्यास सरासरी किती वेळ लागतो तें मोजावयाचें, आणि जेथें एक बंब काढला तरी सरासरीत फारसा फरक पडत नाहीं तेथून तो काढावयाचा, असा त्याचा सारांश. गणितांत चूक नसेल. चूक प्रश्नांत होती. गरीब वस्त्यांतून बंब जवळजवळ ठेवलेले असत म्हणून कोष्टकाला ते जादा दिसत. ते जवळजवळ कां ठेविले होते? तर तेथें आगी अधिक लागत म्हणून. कोष्टकानें परिणाम पाहिला आणि कारण पुसून टाकलें. १९७२ पासूनच अशा वस्त्यांतील बंब कमी होऊं लागले होते. साउथ ब्राँक्समधील सात जनगणना-विभाग असे आहेत कीं त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक इमारती १९७० ते १९८० या दशकांत आगीनें किंवा ओसाड पडून गेल्या. याला बंब काढणें हेंच एक कारण होतें असें आम्ही म्हणत नाहीं. सोडून दिलेलीं घरें होतीं, विम्याच्या पैशांसाठीं आग लावणारे मालक होते. पण आग लागलेल्या घरांतून पाण्याचा घडा प्रथम उचलून नेणाऱ्यास निर्दोषी कसें म्हणावें?

नॉर्थसाइडच्या लोकांना हें कोष्टक ठाऊक नव्हतें. त्यांना एवढेंच ठाऊक होतें कीं आपलीं घरें लांकडाचीं आहेत. बंब नेण्याची वेळ आली तेव्हां शेजारच्या गल्ल्यांतील लोक बंबखान्यासमोर जमले आणि त्यांनीं तो बंब बाहेर जाऊं दिला नाहीं. पुढें त्यांनीं बंबखान्याचाच ताबा घेतला. ॲडम व्हेनेस्की नांवाचा वस्तींतला एक दुकानदार त्यांचा पुढारी झाला. तो आपल्या कुटुंबासह तेथें राहावयासच गेला. बंबवाल्यांच्या पलंगांवर शेजारीपाजारी पाळीपाळीनें निजूं लागले. इमारतीला त्यांनीं नांव दिलें, लोकांचा बंबखाना. हा ताबा एक दोन दिवसांचा नव्हता, वर्षाहून अधिक काळ टिकला.

असें धैर्य एका रात्रींत येत नसतें. दोन वर्षांपूर्वींच, १९७३ च्या सुमारास, एका कारखान्याच्या विस्ताराकरितां शहरानें या भागांतील कांहीं घरें पाडलीं होतीं. तीं वांचविण्याचा प्रयत्न फसला. पण त्या धडपडींत कोणाकडे जावें, कोण शब्द पाळतो, कोण सभेंत बोलतो आणि सभेनंतर खुर्च्या कोण उचलतो, हें वस्तीला कळून चुकलें. इडा ससर या मानवशास्त्रज्ञ विदुषी त्याच काळांत या परिसरांत राहून अभ्यास करीत होत्या. त्यांचें ‘नॉर्मन स्ट्रीट’ हें पुस्तक १९८२ सालीं निघालें. त्यावरून दिसतें कीं या चळवळीचें रोजचें काम मुख्यतः बायकांनीं चालविलें होतें, आणि त्यांच्या ओळखी गल्लीच्या, चर्चच्या व शाळेच्या होत्या. त्यावरून हेंहि दिसतें कीं ही वस्ती कांहीं साधुसंतांची नव्हती. गोऱ्या रहिवाश्यांच्या मनांत शेजारच्या काळ्या व पोर्टो रिकन लोकांविषयीं अढी होती, आणि ती एकजुटीच्या आड वारंवार येत असे. आग मात्र वर्ण पाहत नाहीं. तेवढ्या कामापुरतीं तीं माणसें एका छपराखालीं आलीं. एकजूट म्हणजे मनें निर्मळ झाल्याची खूण असें मानण्याची आपली संवय आहे. इतिहासांत ती बहुधा मनें मळकीं असतांनाच झालेली आढळते.

बंबखान्यांत राहणाऱ्यांनीं केवळ पहारा केला नाहीं. आगीस किती वेळांत बंब आला याचीं टिपणें त्यांनीं ठेविलीं, खात्याच्या आंकड्यांशीं तीं ताडून पाहिलीं, आणि सरासरीच्या उत्तरास आपल्या रस्त्याचें उत्तर दिलें. एकदां त्यांनीं ब्रुकलिन व क्वीन्स यांना जोडणारा हमरस्ताहि अडविला. शहरानें प्रथम दुर्लक्ष केलें, मग बोलणीं केलीं, आणि अखेर १९७७-७८ च्या सुमारास टप्प्याटप्प्यानें २१२ क्रमांकाचा बंब परत दिला. या सर्व खटाटोपांतून एक स्थायी संस्था उभी राहिली. पुढें कित्येक वर्षें तिनें घरांच्या दुरुस्तीचें व आगी लावणाऱ्यांना पायबंद घालण्याचें काम केलें.

आतां नदी ओलांडून ब्राँक्समध्यें जाऊं, कारण त्याच हिंवाळ्यांत तेथें दुसरी एक इमारत धोक्यांत आली होती. साउथ ब्राँक्समध्यें ग्रँड कॉन्कोर्स या रुंद रस्त्यावर, टायरांच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेंत, १९७० सालीं होस्तोस महाविद्यालय सुरू झालें. एउहेनिओ मारिआ दे होस्तोस हे एकोणिसाव्या शतकांतील पोर्टो रिकोचे शिक्षणतज्ज्ञ; त्यांचें नांव या संस्थेस दिलेलें. तेथें इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांतून शिकवीत. ज्यांनीं शाळा सोडून दहा वर्षें झालीं अशा आया, युद्धावरून परतलेले शिपाई, दिवसा कारखान्यांत काम करणारे तरुण, असा तिचा विद्यार्थिवर्ग होता. न्यूयॉर्कच्या नगर-विद्यापीठास पैसे कमी पडूं लागले तेव्हां होस्तोस बंद करून दुसऱ्या महाविद्यालयांत विलीन करण्याची योजना पुढें आली.

तिला विरोध करणारे दोन गट होते आणि त्यांचें एकमेकांशीं मुळींच जमत नव्हतें. एक प्राध्यापक-संघाच्या भोंवतीं जमलेला. त्याचा भर अर्ज, सह्या, पत्रें आणि आमदारांच्या भेटी यांवर. दुसरा जहाल विद्यार्थी, माजी सैनिक आणि वस्तींतील कार्यकर्ते यांचा. त्याचा विश्वास रस्त्यावर आणि इमारतीच्या ताब्यावर. पहिला दुसऱ्यास आततायी म्हणे, दुसरा पहिल्यास भित्रा. १९७६ च्या मार्च-एप्रिलमध्यें दुसऱ्या गटानें इमारत ताब्यांत घेतली आणि ती सुमारें वीस दिवस राखली. शेवटीं पोलिसांनीं चाळीसजणांस पकडून नेलें. एप्रिलच्या आरंभीं उच्च शिक्षण मंडळानें विलीनीकरणाचा ठराव केलाच होता. तरीहि जून महिन्यांत राज्याच्या विधिमंडळानें विद्यापीठास पैसे देण्याचा जो कायदा केला, त्यांत होस्तोस स्वतंत्र राहिलें. कोणत्या गटामुळें तें राहिलें हा वाद आम्हांस निष्फळ वाटतो. ताबा घेणाऱ्यांमुळें संस्थेचें नांव सर्वांच्या कानीं गेलें, आणि अर्जवाल्यांमुळें विधिमंडळांत तें नांव उच्चारणारें कोणी मिळालें. दोघे एकमेकांवर रागावलेलेच राहिले. पण एकानें दुसऱ्याचें काम मोडलें नाहीं, हें काय थोडें झालें?

आणि आतां या हकीकतीची दुसरी बाजू. नगर-विद्यापीठाचा उगम १८४७ सालच्या एका मोफत विद्यालयांत आहे. तेव्हांपासून १२९ वर्षें शहरानें आपल्या मुलांकडून शिकवणीचें शुल्क घेतलें नव्हतें. यहुदी, इटालियन, आयरिश अशा गरीब घरांतील कित्येक पिढ्या या दारांतून वर चढल्या. १९६९ सालीं कृष्णवर्णीय व पोर्टो रिकन विद्यार्थ्यांनीं संप केला आणि त्याचें फळ म्हणून १९७० पासून शहरांतील प्रत्येक शालांत-उत्तीर्ण विद्यार्थ्यास विद्यापीठांत प्रवेश खुला झाला. पुढें सहाच वर्षांनीं, १९७६ च्या मे महिन्याच्या अखेरीस, पैसे संपले म्हणून तें संबंध विद्यापीठ सुमारें दोन आठवडे बंद पडलें. आणि तें उघडलें तेव्हां शुल्क लागू झालें होतें. मोफत शिक्षण सव्वाशें वर्षें परवडलें, आणि गोरे नसलेले विद्यार्थी मोठ्या संख्येनें आंत आले त्या दशकांतच तें परवडेनासें झालें. हा योगायोग असेलहि. पण आमचें आयुष्य महाविद्यालयांत गेलें असल्यामुळें असे योगायोग कोणत्या सभांत व कोणत्या शब्दांत घडवून आणले जातात तें आम्हांस थोडें ठाऊक आहे. पुढील कांहीं वर्षांत विद्यापीठांतील विद्यार्थिसंख्या साठ हजारांहून अधिक उतरली. ब्रुकलिनमधील मेडगर एव्हर्स महाविद्यालय, जेथें बहुतेक कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत, त्याचा दर्जा कमी करून त्यास दोन वर्षांच्या महाविद्यालयांच्या पंक्तींत बसविण्यांत आलें. तो दर्जा परत मिळावयास १९९४ साल उजाडलें.

शुल्काविरुद्ध लोक लढले नाहींत असें नाहीं. मोर्चे निघाले, सभा झाल्या. मग बंबखाना वांचला, होस्तोस वांचलें, आणि सर्वांत मोठी गोष्ट गेली, याचें कारण काय? आमच्या मतें कारण असें कीं बंबखान्याला दार होतें आणि मोफतपणाला दार नव्हतें. ज्या वस्तूला भिंती असतात तिच्यांत जाऊन निजतां येतें. तेथें स्वयंपाक करतां येतो, पाळ्या लावतां येतात, आणि अंगावर पोलीस घालावयाचे कीं नाहींत हें ठरविणें प्रतिपक्षास भाग पाडतां येतें. ती वस्तु एका वस्तीची असते, म्हणून तिच्याभोंवतीं दुकानदार, पाद्री, आई आणि शिपाई एकत्र येतात. धंद्याच्या संघांना जुलैमध्यें जें साधलें नाहीं तें गल्लीला नोव्हेंबरांत साधतें. परंतु शुल्कमाफी सबंध शहराची. ती सर्वांची असल्यामुळें तिच्याभोंवतीं उभी राहणारी अशी एकहि गल्ली नव्हती. ती काढून घेण्याला कुलुपें लावावीं लागलीं नाहींत, छपाईचा एक नवा तक्ता पुरला. किम फिलिप्स-फाइन यांनीं ‘फीअर सिटी’ या २०१७ सालच्या ग्रंथांत या सर्व काळाचा इतिहास सविस्तर सांगितला आहे. शहरानें आपल्या रहिवाश्यांना काय देणें लागतें याविषयींची कल्पनाच त्या वर्षांत बदलली, असा त्यांचा अभिप्राय. बदलली खरी, आणि कल्पनेवर पहारा करावयास पलंग टाकतां येत नाहीं.

इतकेंहि नव्हे, तर हे दोन लाभ आणि ती हानि यांचा परस्परसंबंध आहे. ज्या विधिमंडळानें होस्तोसला जीवदान दिलें त्यानेंच विद्यापीठाचे पैसे शुल्काच्या पायावर मंजूर केले. वस्तीच्या हातीं महाविद्यालय आलें तें असें. यांत होस्तोसच्या लोकांना दोष देण्यास जागा नाहीं; त्यांनीं शुल्क मागितलें नव्हतें. पण देणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें तर एक इमारत परत करणें हें मोठें देणें घेऊन टाकल्यावर परवडण्याजोगें होतें.

दार असलें म्हणजे जय निश्चित, असाहि कोणीं समज करून घेऊं नये. १९८० सालीं महापौर कॉच यांच्या अमदानींत हार्लेममधील सिडनॅम रुग्णालय बंद करण्याचें ठरलें. कृष्णवर्णीय डॉक्टरांना इतर रुग्णालयें दारांत उभीं करीत नसत अशा दिवसांत या रुग्णालयानें त्यांना घेतलें होतें, त्यामुळें हार्लेमला त्याचा अभिमान होता. सप्टेंबरांत लोकांनीं तेंहि ताब्यांत घेतलें. पण पोलिसांनीं त्यांना हटविलें आणि त्याच वर्षीं तें बंद झालें. कॉच यांनीं पुढें उघडपणें कबूल केलें कीं तें बंद करण्यांत आपली चूक झाली. त्या कबुलीनें रुग्णालय उघडलें नाहीं.

वाइथ रस्त्यावरचा बंबखाना १९७८ नंतर पंचवीस वर्षें चालला. मे २००३ मध्यें महापौर ब्लूमबर्ग यांच्या कारकीर्दींत, पुन्हां एका तुटीच्या वर्षीं, शहरानें सहा बंबखाने बंद केले. त्यांत हा एक होता. लोक पुन्हां जमले, पण या वेळीं बंब परत मिळाला नाहीं. मधल्या काळांत वस्ती पालटत चालली होती. घरभाडीं वाढत होतीं, आणि ज्या कुटुंबांनीं १९७५ चा हिंवाळा त्या पलंगांवर काढला होता त्यांतील अनेक तेथून गेलीं होतीं. पुढें ती रिकामी इमारत वस्तीच्या सभा व संस्था यांच्या उपयोगाकरितां द्यावी असें ठरलें, आणि ज्या संस्थांकडे तें काम सोंपविलें त्यांत बंबखान्याच्या लढ्यांतून निघालेली ती जुनी संस्थाहि होती. होस्तोस महाविद्यालय ग्रँड कॉन्कोर्सवर आजहि चालू आहे. तेथें शुल्क घेतात.